आयटूसी सेन्सरचा नवा ड्रायव्हर रिव्ह्यूला आलाय, सुरुवात कुठून करावी?

निवांत_कंपायलर:

टीममधल्या एकाने आयटूसीवरच्या (चिपा जोडणारी दोन तारांची बस) तापमान सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर लिहिलाय. व्हेंडरच्या ५.१० कर्नलवर तो चालत होता, आता मेनलाइनला (मूळ अधिकृत कर्नलला) पाठवायचा म्हणून ताज्या कर्नलवर आणलाय. आयआयओ सबसिस्टिम (सेन्सरांसाठीचा कर्नलचा भाग), सगळा मिळून एकच पॅच. चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) स्ट्रिक्ट लावूनही स्वच्छ, बिल्डला वॉर्निंग नाही, बोर्डावर खोलीचं तापमान बरोबर दिसतं. मेलिंग लिस्टवर जाण्याआधी नजर टाकायचं काम माझ्याकडे आहे.

चिप अशी: १२ बिटांचं माप, १६ बिटांच्या रजिस्टरात डावीकडे सरकवलेलं, वरचा बाइट आधी येतो. एक पायरी ०.०६२५ अंश. मोजायला साधारण २५ मिलिसेकंद, झालं की एक पिन खाली ओढते.

प्रोबमधला (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनमधला) क्रम; डेव्हएम म्हणजे घेतलेलं कर्नल आपोआप परत देतो असे कॉल:
१. डेव्हएम_आयआयओ_डिव्हाइस_अलॉक
२. रेग्युलेटर_गेट, रेग्युलेटर_एनेबल (चिपचा वीजपुरवठा; दोन्ही साधे, डेव्हएम नसलेले)
३. डेव्हएम_रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू (इंटरप्टची मागणी), हार्ड हँडलर नल, फ्लॅग फक्त ट्रिगर_फॉलिंग
४. डेव्हएम_रेगमॅप_इनिट_आयटूसी (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याचा थर), मग चिप आयडी वाचणे. जुळला नाही तर थेट ईनोडेव्ह (डिव्हाइस नाही अशी एरर) परत
५. म्युटेक्स_इनिट, इनिट_कम्प्लीशन (काम झाल्याची वाट बघायची सोय)
६. डेव्हएम_आयआयओ_डिव्हाइस_रजिस्टर

रिमूव्हमध्ये (डिव्हाइस काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) रेग्युलेटर डिसेबल करून परत देणे, एवढंच.

कोड वाचायला सुटसुटीत आहे. पण नावं आणि स्पेसिंग यांपलीकडे मी नेमकं काय बघायचं?

---

आयआरक्यू_नाना:

क्रम दिलात हे उत्तम केलंत, निम्मा रिव्ह्यू त्यातच आहे. प्रोब वरून खाली वाचायचा आणि प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे: इथून एरर घेऊन बाहेर पडलो तर आत्तापर्यंत घेतलेलं कोण परत देतं? आणि रिमूव्हच्या वेळी हे बरोबर उलट्या क्रमाने सुटतं का?

पायरी ४ घ्या. चिप आयडी जुळला नाही की थेट परत. रेग्युलेटर चालूच राहिला, त्याचा काउंट कधी खाली येणारच नाही.

रिमूव्ह त्याहून वाईट. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह संपल्यावर सुटायला लागतात. म्हणजे तुमचा रिमूव्ह चिपची वीज काढतो तेव्हा सिसएफएसमधली (तापमान वाचायची) फाइल अजून जिवंत असते. त्या क्षणी कुणी ती वाचली तर वीज नसलेल्या चिपशी बोलणं सुरू. डेव्हएम आणि साधे कॉल यांची अशी सरमिसळ नव्या ड्रायव्हरमध्ये हमखास सापडते, आणि चेकपॅचला त्यातलं काही कळत नाही. ६.१ पासून डेव्हएम_रेग्युलेटर_गेट_एनेबल आहे. ते वापरलं की रिमूव्ह फंक्शनच उडवता येतं. असा एकओळी कॉल नसलेल्या गोष्टींसाठी डेव्हएम_अॅड_अॅक्शन_ऑर_रिसेट.

आता पायरी ३. इंटरप्ट मागितला की तो पुढच्याच क्षणी येऊ शकतो. बोर्ड नुसता रीबूट झाला, चिपची वीज गेलीच नाही आणि ती सतत मोजत राहिली असेल, तर तिचं एखादं मोजमाप नेमकं आत्ता संपेल. हँडलर धावेल तेव्हा रेगमॅपचा पॉइंटर नल असेल आणि कम्प्लीशन शून्य भरलेलं असेल. त्यावर कम्प्लीट मारलं की सरळ ऊप्स (कर्नलची गंभीर चूक). सुटतानाही तेच. रेगमॅप नंतर घेतला म्हणून आधी सुटणार, इंटरप्ट आधी घेतला म्हणून नंतर. मधल्या वेळात आलेला इंटरप्ट मोकळ्या केलेल्या मेमरीत शिरणार. ३ नंबर ५ च्या खाली न्या, दोन्ही प्रश्न मिटतात.

एक शंका. हार्ड हँडलर नल आणि आयआरक्यूएफ_वनशॉट (थ्रेडचं काम संपेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवणारा फ्लॅग) नाही, तर कर्नल ही मागणी साधारणपणे ईइन्व्हॅल देऊन फेटाळतो. तरी तुमच्याकडे चाललं कसं? ती पिन आयटूसीवरच्या जीपीआयओ एक्स्पांडरला जोडलीय का?

---

निवांत_कंपायलर:

हो, एक्स्पांडरवरच आहे! कसं ओळखलंत?

---

आयआरक्यू_नाना:

एक्स्पांडरचे इंटरप्ट नेस्टेड थ्रेड म्हणून येतात, आणि त्या वाटेने गेल्यावर वनशॉटची ती तपासणी लागतच नाही. तीच चिप उद्या एसओसीच्या (मुख्य चिपच्या) पिनवर जोडली तर प्रोब पहिल्याच फटक्यात पडेल. वनशॉट घाला. फॉलिंग मात्र कोडमधून काढा. इंटरप्टची जात डिव्हाइस ट्रीतून (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन) येते. बोर्डावर मध्ये इन्व्हर्टर असेल तर ड्रायव्हरला ते कळायचं कारण नाही.

आणि वाट बघण्याचा कोड काढून बघा. वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट वेळ संपल्यावर शून्य देतं, ऋण कधीच देत नाही. तिथे "शून्याहून कमी असेल तर एरर" असं लिहिलेलं असेल तर टाइमआउट गिळला जातो आणि मागचंच तापमान नवं म्हणून वर जातं. रीइनिट_कम्प्लीशन मोजमापाची आज्ञा देण्याच्या आधी हवं. नंतर असेल तर चिपने चटकन उत्तर दिल्यावर तेच पुसलं जाईल.

---

उलटा_बाइट:

नानांनी आयुष्यक्रम बघितला, मी आकडे बघतो. खोलीतलं तापमान बरोबर येतं याने फारसं काही सिद्ध होत नाही.

२५ अंश म्हणजे ४०० पायऱ्या, रजिस्टरात हेक्स १९००. ड्रायव्हर हे आयटूसी_एसएमबस_रीड_वर्ड_डेटाने वाचत असेल तर हाती येतं हेक्स ००१९, कारण एसएमबस (आयटूसीवरचा प्रोटोकॉल) खालचा बाइट आधी धरतो. चार बिट सरकवले की उरतं १, म्हणजे ०.०६ अंश. हे कुणालाही दिसतं, म्हणून लेखकाने काहीतरी उलटापालट केलेली असणारच. ती कशी केली ते बघा. त्या आकड्यावर बीई१६_टू_सीपीयू लावलं असेल तर लिटल एंडियन मशीनवर उत्तर बरोबर, बिग एंडियनवर चूक. आयटूसी_एसएमबस_रीड_वर्ड_स्वॅप्ड दोन्हीकडे बरोबर. स्पार्स (कोड तपासणारं साधन) लावून बिल्ड करा, म्हणजे मेकला सी=१ द्या. पहिल्या प्रकाराबद्दल तो लगेच ओरडतो.

खरा खड्डा शून्याखाली आहे. उणे १ अंश म्हणजे उणे १६ पायऱ्या, रजिस्टरात हेक्स एफएफ००. हे यू१६ मध्ये ठेवून चार बिट सरकवलं तर ४०८० मिळतात, गुणिले ६२.५ म्हणजे २५५ अंश. शीतगृहात बसवलेल्या यंत्राने २५५ दाखवलं की मग धावपळ. चिन्ह पसरवा: साइन_एक्स्टेंड३२, चिन्हाचा बिट ११.

आयआयओत वरच्या थराला मिळणारं माप म्हणजे रॉ अधिक ऑफसेट, आणि मग त्या बेरजेला स्केलने गुणायचं. ऑफसेट गुणाकाराच्या आधी मिळवला जातो, हे अनेक जण उलट धरतात. तापमानाचं एकक मिलिअंश, म्हणून स्केल ६२.५, इंट_प्लस_मायक्रोमध्ये ६२ आणि ५०००००. ०.०६२५ लिहिलं असेल तर ते हजारपटीने चुकलंय, मग बोर्डावर "बरोबर" दिसण्यासाठी कुणीतरी यूजरस्पेसमध्ये हजाराने गुणतंय.

जाता जाता रेगमॅपमध्ये कॅश चालू आहे का ते बघा. आज डेटा एसएमबसने थेट वाचला जात असेल तर कॅश आड येणार नाही. लिस्टवर कुणीतरी म्हणेल की सगळं रेगमॅपनेच वाचा, आणि म्हणणं रास्तच आहे. तसं करताना डेटा आणि स्टेटस रजिस्टर व्होलाटाइल म्हणून सांगितली नाहीत, तर पहिलं वाचलेलं तापमान कायमचं चिकटेल. रीड यशस्वी, एरर नाही, आकडाही पटण्यासारखा. असा बग महिनोन्महिने लपतो.

---

बाइंडिंगवाली:

वरचं सगळं पटलं, तरी मी सुरुवात तिथून करणार नाही. कोडमधली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग (त्यात चिपबद्दल काय लिहायचं याचे नियम) आणि सिसएफएसच्या फाइलींची नावं एकदा मेनलाइनला गेली की ती सांभाळावीच लागतात, लोकांचे बोर्ड आणि स्क्रिप्टा त्यावर उभ्या राहतात. म्हणून पहिली नजर तिथे.

"एकच पॅच" हे आधी मोडा. बाइंडिंगची यामल फाइल वेगळा पॅच, तो ड्रायव्हरच्या आधी. मेन्टेनर्स फाइलमध्ये नोंद हवी. यामल डीटी_बाइंडिंग_चेकमधून पास झालेली असावी, आणि कम्पॅटिबलमध्ये (चिप कोणती ते सांगणाऱ्या प्रॉपर्टीत) नेमका भाग क्रमांक असावा. शेवटी "एक्सएक्स" लावून सगळी मालिका एका नावात कोंबलेली असेल तर परत पाठवा.

बाइंडिंगने हार्डवेअर सांगावं, ड्रायव्हरची सोय नव्हे. व्हेंडर कर्नलमधून आलेल्या ड्रायव्हरमध्ये "पोल-इंटरव्हल" किंवा "डीफॉल्ट-मोड" अशा प्रॉपर्टी हटकून सापडतात. त्या यूजरस्पेसच्या हातातल्या गोष्टी, बाइंडिंगमध्ये नकोत. वीजपुरवठा मात्र तिथे लिहा आणि रिक्वायर्डमध्ये टाका, कारण विजेशिवाय चिप चालत नाही. तुमच्या बोर्डावर ती लाइन कायम चालू आहे हा योगायोग. त्याच योगायोगामुळे दुसरी गोष्ट झाकली जाते: वीज दिल्यावर चिप जागी व्हायला डेटाशीटमध्ये वेळ दिलेला असतो. पायरी २ आणि चिप आयडी वाचणं यांच्यामध्ये तेवढं थांबणं मला क्रमात दिसत नाही. एफस्लीप वापरा.

इंटरप्ट सक्तीचा करू नका. पिन न जोडता बोर्ड बनवणारे भरपूर आहेत. इंटरप्ट नसेल तर २५ मिलिसेकंदांच्या वर थोडा जीव ठेवून झोपायचं आणि वाचायचं. २५ साधारण वेळ असेल, डेटाशीटमधला कमाल आकडा धरा.

चिप आयडी जुळला नाही म्हणून ईनोडेव्ह देणं, हेही काढा. उद्या त्याच रजिस्टरांची नवी चिप आली तर लोक जुनं कम्पॅटिबल फॉलबॅक म्हणून देतील, आणि जुन्या कर्नलनेही ती चालवायला हवी. लॉगमध्ये अनोळखी आयडी छापा आणि पुढे जा. आयडी वाचतानाच आयटूसी एरर आली तर मात्र प्रोब पाडायचा. ती एरर जशी आली तशी वर द्या, तिचं ईआयओ करू नका. डेव्ह_एर_प्रोब वापरलंत तर प्रोब डिफर झाल्यावर लॉगमध्ये उगाच बोंब होत नाही.

---

निवांत_कंपायलर:

सक्तीचा इंटरप्ट आहे, पोल-इंटरव्हलही आहे. :) बाइंडिंगपासूनच सुरू करतो. हे सगळं बोर्डावर मुद्दाम पाडून बघायचं असेल तर?

---

आयआरक्यू_नाना:

कर्नलमध्ये कासान (मेमरीच्या चुका पकडतो), प्रूव्ह_लॉकिंग (लॉकच्या चुका पकडतो), डीबग_अॅटॉमिक_स्लीप आणि डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह चालू करा. शेवटचा पर्याय बूटलाच प्रोब, रिमूव्ह, पुन्हा प्रोब असं करतो. तो सगळ्याच ड्रायव्हरना लागतो, त्यामुळे दुसऱ्याच कुणाचा ड्रायव्हर आधी कोसळला तर गोंधळू नका.

मग एका टर्मिनलवर तापमानाची फाइल सतत वाचणारा लूप, दुसऱ्यावर सिसएफएसमधून अनबाइंड-बाइंडचा लूप. आत्ताचा कोड यात टिकेल असं वाटत नाही. रेग्युलेटरचा काउंट डीबगएफएसमधल्या रेग्युलेटर_समरीत दिसतो. प्रत्येक फेरीनंतर तो मूळ आकड्यावर आला पाहिजे.

---

उलटा_बाइट:

आकड्यांसाठी बोर्डही लागत नाही. क्यूएमयूतल्या (आभासी मशीन चालवणारं साधन) आर्म मशीनवर आयटूसी-स्टब मॉड्यूल लोड करा, चिप_अॅडरला तुमचा पत्ता द्या, आयटूसीसेटने वर्ड मोडमध्ये डेटा रजिस्टर भरा आणि न्यू_डिव्हाइसमधून ड्रायव्हर जोडा. ड्रायव्हरमध्ये आयटूसीचा आयडी टेबलही ठेवा. स्टबला इंटरप्ट नसतो, म्हणजे वर सांगितलेली इंटरप्टशिवायची वाट आपोआप तपासली जाते. बाइट उलटे लिहायचे: २५ अंशांना हेक्स ००१९, उणे १ ला ००एफएफ. दुसऱ्याला रॉ उणे १६ आला पाहिजे. ००८० आणि एफ०७एफ ही दोन टोकंही बघा, उणे २०४८ आणि २०४७.

---

बाइंडिंगवाली:

रिव्ह्यूड-बाय टॅगबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते. ऑफिसात तपासून व्ही१ वरच तुमचा टॅग लावून पाठवला तर मेन्टेनरला त्यातून फार काही कळत नाही, तुम्ही काय तपासलं ते त्यांना दिसलेलंच नसतं. मोठ्या दुरुस्त्या आत करून घ्या. उरलेल्या शंका लिस्टवरच, पॅचच्या त्या-त्या ओळीखाली लिहा, बाकीचा कोट कापून टाका. व्ही२ मध्ये काय बदललं ते तीन डॅशच्या खाली यावं, कमिट मेसेजमध्ये नको. आणि मर्ज विंडोच्या दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही म्हणून आठवणीची मेल टाकू नका, आरसी१ (पुढच्या कर्नलची पहिली चाचणी आवृत्ती) येऊ द्या.