मुरघासासाठी गहू कधी कापावा, पोटरीत (ओंबी बाहेर पडायच्या आत) का चिकात (दाणा मऊ, दुधाळ असताना)? मदत हवी आहे

राम राम मंडळी. जालन्याकडचा आहे, चार एचएफ गाया, दोन दुधात आन दोन आटलेल्या. विहिरीनं आत्ताच तळ दाखवलाय, उशिरा पेरलेल्या गव्हाला शेवटची पाणी बसतील असं वाटत नाही म्हणून एक एकर मुरघासालाच (हिरवी कुट्टी हवाबंद दाबून मुरवलेला चारा) घालावं म्हणतो. सध्या पोटरीत हाय, कुठं कुठं ओंबी डोकवायलीय.

मागच्या वर्षी दाणा टणक होऊस्तोवर थांबलो, बुडं पिवळी पडली तेव्हा कापला. वजन भरलं, काटा बघून लई खुश, पण गाया पानं ओरबाडून खायच्या आन दांडकी गव्हाणीत तशीच, शेणात अख्खे दाणे. दूध गायीमागं दीड लिटर उतरलं, मग पेंड वाढवली, सगळं मुसळ केरात. गंमत म्हणजे चारा तपासून घेतला तर एनडीएफ, म्हंजी तंतूचा टक्का, बरा निघाला! मग खायना का झाल्या?

वडील म्हणायलेत आत्ता कापला तर नुसतं पाणीच, दाणा भरू दे, ताकद येती. काय करावं?

प्रतिसाद १
दादा, एनडीएफ तंतू किती ते सांगतो, पचतो किती ते नाही. ओंबी निसवली की दांडी कडक व्हायला लागते, लिग्निन (दांडी कडक करणारा, न पचणारा घटक) तंतूला असं बिलगतं की पोटातल्या जिवाणूंना आत शिरताच येत नाही, त्यात पानं कमी न् दांडी जास्त. दाण्यात स्टार्च भरलं की एकूण वजनात तंतूचा टक्का कमी दिसतो, रिपोर्ट छान, पण दांडी ती दांडीच. दुभत्यांसाठी आत्ताच कापा. फक्त पोटरीत ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतंय, तसाच भरला तर रस गळून नासंल. सुकवून ६५-७० वर आणा. कुट्टी मुठीत आवळा, रस गळायला नको आन मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला पाहिजे.

प्रतिसाद २
वडिलांचं पण अगदीच चूक नाही, आटलेल्यांना मऊ चिकातला चालतो, वजनही जास्त येतं. फक्त टणक होऊ देऊ नका. आन कुसळं तेव्हा तोंडाला टोचतात, कुट्टी बारीक करा.

धागाकर्ता
मग अर्धा आत्ता, पाणी टिकलं तर अर्धा चिकात. पण या उन्हात सकाळी कापलेला दुपारीच भरावा का दुसऱ्या दिवशी? कुणी केलंय का?