'रेझिलिअन्ट' वस्तीला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : वस्ती हिरवी करण्यासाठी रहिवाशांची बैठक झाली, तिची टिपणं मराठीत आणतोय. शीर्षकातच अडलोय. 'पार्टिसिपेटरी व्हिजनिंग'ला, म्हणजे लोकांनी मिळून वस्तीचं पुढचं चित्र ठरवण्याला, 'सहभागी दृष्टिनिर्माण' आणि 'क्लायमेट-रेझिलिअन्ट'ला, म्हणजे हवामानाचे धक्के पचवून टिकणारीला, 'हवामान-स्थितिस्थापक' केलंय. मलाच वाचवत नाही.

— आधी 'स्थितिस्थापक' काढा. तो रबराचा गुण : ताणलं, सोडलं, मूळ लांबीवर आलं. मुळातला लॅटिन शब्दही मागे उडी घेण्याचाच आहे, म्हणून व्युत्पत्तीला धरून चालेल. पण परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ च्या निबंधात इथेच फरक केला. पूर्वस्थितीला परतणं हे स्थैर्य. बदल पचवून आतले संबंध टिकणं हा रेझिलिअन्स. अशाच एका बैठकीत फळ्यावरचं 'स्थितिस्थापक वस्ती' वाचून एका आजींनी विचारलं, "म्हणजे पाणी ओसरलं की पुन्हा होती तशीच? मग जमलोय कशाला?" फळा पुसावा लागला.

— 'लवचिक'?

— नियम लवचिक असतात. 'सोशिक' तर नकोच. सोसायचं माणसांनी आणि नाला तुंबलेलाच. मी 'तगणारी' म्हणेन.

— रोप तगलं म्हणजे मेलं नाही, इतकंच. फोफावलं असं कोणी म्हणत नाही. 'सावरणारी' बरा. धक्का बसतो हे त्यात कबूल आहे, आणि तोल जायच्या आधीही माणूस स्वतःला सावरतोच की.

— 'दृष्टिनिर्माण' वाचून मला नेत्रशिबिर आठवलं. 'स्वप्नरंजन' म्हणजे रिकामपणचा उद्योग. 'संकल्पचित्र' वास्तुविशारद काढून आणतो आणि लोक माना डोलावतात. इथे नकाशा टेबलावर पसरलेला असतो आणि कोणीतरी बोट ठेवून सांगतं, ही भिंत रात्री दहालाही तापलेली असते, या वळणावर घोटाभर पाणी साचतं. त्यावरून पुढचं चित्र निघतं. 'भविष्यचित्र' म्हणा, क्रियापद 'रेखाटणं'.

— 'हरित' फायलीत राहू दे, 'हिरवी' लिहा. तेही सांभाळून. हिरवळीनं डोळे निवतात, पण दुपारी तिच्याखाली बसता येत नाही. सावली आणि पाणी जिरवणारी माती हवी असेल तर तसंच लिहावं.

— 'सहभागी'बद्दल कोणीच बोललं नाही. अमेरिकी धोरण-अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना नुसतं खेळवणं, मधे माहिती देणं, मत विचारणं, टोकाला नागरिकांच्या हाती सूत्रं. आपल्याकडे या साऱ्याला एकच शब्द, 'सहभाग'. सतरंजीवर बसलेलाही सहभागी! विचारलं असेल तर 'विचारून' लिहा, ठरवलं असेल तर 'ठरवलेलं'.

प्रश्नकर्ता : मग असं करतो : 'उन्हापावसात सावरणारी, सावलीची वस्ती : रहिवाशांनी रेखाटलेलं भविष्यचित्र'.

— रेखाटलेलं, की त्यांच्याकडून रेखाटून घेतलेलं?

प्रश्नकर्ता : थांबा, टिपणं पुन्हा वाचतो.