व्याजदर कमी होऊनही दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा परतावा का वाढतो?

प्रश्न

नमस्कार. मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरवले की रोख्यांच्या किमती वाढतात आणि समभागांनाही उभारी येते, असे नेहमी वाचनात येते. परंतु अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात धोरणात्मक दर एकूण एक टक्क्याने खाली आणला आणि नेमक्या त्याच काळात तेथील दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांचा परतावा सुमारे ३.७ टक्क्यांवरून साडेचार टक्क्यांच्या वर गेला, म्हणजेच त्यांच्या किमती उतरल्या. असे का व्हावे? बँकेच्या निर्णयाचा प्रभाव बाजारात नेमका कुठपर्यंत पोहोचतो, हे जाणकारांनी उलगडून सांगावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपण दिलेले उदाहरण फार बोलके आहे. मध्यवर्ती बँक थेट ठरवते तो दर अगदी अल्प मुदतीचा, म्हणजे बँकांनी एकमेकींना रात्रभरासाठी दिलेल्या पैशांवरचा असतो. दहा वर्षांच्या रोख्याच्या परताव्यात मात्र पुढील दहा वर्षे हा अल्पकालीन दर सरासरी किती राहील याचा अंदाज असतो आणि इतका काळ पैसे अडकवून ठेवण्याची जोखीम पत्करल्याबद्दल गुंतवणूकदाराला हवा असलेला जादा मोबदलाही त्यात मिळवलेला असतो. हा अंदाज बदलण्यासाठी बाजार बैठकीच्या तारखेची वाट पाहत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा परतावा पाच टक्क्यांच्या घरात होता आणि पहिली कपात जाहीर होण्यापूर्वीच तो सव्वा टक्क्याहून अधिक उतरला होता. म्हणजे कपातीचा परिणाम झाला, पण कपातीच्या आधी झाला.

त्यानंतर रोजगाराची आकडेवारी अपेक्षेपेक्षा चांगली आली, महागाई लवकर आटोक्यात येण्याची चिन्हे दिसेनात, आणि सरकारच्या वाढत्या कर्जाची चिंताही गुंतवणूकदारांना वाटू लागली. आणखी बऱ्याच कपाती होतील असे धरून चाललेल्या बाजाराला तो हिशेब मोडावा लागला. १८ डिसेंबर २०२४ या एका दिवसात हे स्पष्ट दिसते. त्या दिवशी दर पाव टक्क्याने उतरला, पण त्याबरोबरच पुढील वर्षी चारऐवजी दोनच कपाती संभवतात असा धोरणकर्त्यांचा अंदाज प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या समभागांचा एस अँड पी ५०० निर्देशांक जवळपास तीन टक्क्यांनी कोसळला. कपात सर्वांना ठाऊक होती. नवी माहिती होती ती पुढच्या वाटचालीची.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु अनपेक्षित कपात झाली की बाजार वधारतोच, असा अर्थ कोणी त्यातून काढू नये. ३ जानेवारी २००१ रोजी फेडरल रिझर्व्हने नियोजित बैठकीची वाट न पाहता दर अर्ध्या टक्क्याने उतरवला, तेव्हा तंत्रज्ञान कंपन्यांचा मोठा भरणा असलेला नॅसडॅक निर्देशांक एका दिवसात सुमारे १४ टक्क्यांनी उसळला. याउलट १५ मार्च २०२० या रविवारी दर एकदम शून्यापाशी आणण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी एस अँड पी ५०० सुमारे १२ टक्क्यांनी घसरला. दोन्ही कपाती अचानक झालेल्या होत्या. दुसऱ्या वेळी मात्र बँकेची घाई पाहून परिस्थिती आपल्या समजुतीपेक्षाही बिकट असल्याची भीती बळावली. शिवाय दर उतरवल्याने कोविडच्या साथीमुळे बंद पडलेले व्यवहार सुरू होणार नव्हते. म्हणून निर्णय वाचताना बँकेने तो का घेतला असावा, असे बाजाराला वाटते, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

२००१ ची ती उसळीही टिकली नाही. त्या वर्षभरात दर ६.५ वरून १.७५ टक्क्यांवर आला, तरी समभागांची घसरण थांबली नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. दीर्घ मुदतीचा परतावा थोडासा हलला तरी एवढी खळबळ का उडते?

तिसरा प्रतिसाद

हिशेब करून पाहिल्यास ते लक्षात येईल. शंभराचे दर्शनी मूल्य आणि वर्षाला पाच टक्के व्याज असलेला रोखा घ्या. बाजारातील परतावा पाचवरून सहा टक्क्यांवर गेला, तर एक वर्ष मुदत उरलेल्या रोख्याची किंमत साधारण ९९ होते. दहा वर्षे उरलेल्याची मात्र ९२.६० च्या आसपास येते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, त्यामागे दीर्घ मुदतीच्या रोख्यांवरील असाच तोटा हे एक प्रमुख कारण होते.

पहिल्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. मध्यवर्ती बँकेला दीर्घ मुदतीच्या दरापर्यंत मुळीच पोहोचता येत नाही असे नाही. स्वतः मोठ्या प्रमाणावर रोखे खरेदी करून ती तो दर दाबून ठेवू शकते. बँक ऑफ जपानने २०१६ पासून मार्च २०२४ पर्यंत दहा वर्षांच्या परताव्यासाठी शून्याच्या आसपासचे लक्ष्य ठेवले होते आणि ते राखताना देशाच्या सरकारी रोख्यांपैकी सुमारे निम्मे रोखे तिच्याकडे जमा झाले. परंतु २०२२ मध्ये अमेरिकेतील दर झपाट्याने वाढू लागल्यावर परताव्यात दाबून धरलेला ताण चलनात उमटला. वर्षारंभी एका डॉलरला ११५ च्या आसपास असलेला येन ऑक्टोबरमध्ये १५० च्याही पलीकडे घसरला आणि तो सावरण्यासाठी जपानच्या सरकारला चलनबाजारात उतरावे लागले.