नवाहो माजी सैनिकांची घरं: पैसा कुठे अडतो

अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी जमातीच्या माजी सैनिकांबद्दल विचारलं जातं की सरकार एवढे पैसे देतं मग त्यांना घरं का मिळत नाहीत, तर माझ्या मते खरी अडचण जमिनीत आहे. नवाहो नेशनची, म्हणजे या जमातीच्या स्वशासित प्रदेशाची, बहुतेक जमीन ट्रस्टमध्ये, म्हणजे मालकी फेडरल सरकारच्या नावावर. आपल्याकडे सातबारा दाखवून कर्ज काढता येतं, तिथे गहाण ठेवायला हातात काहीच नाही, मग बँक कर्ज कशी देणार?

१९४४ च्या जीआय बिलाने, म्हणजे माजी सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्याने, सैनिकांना घरकर्जाची हमी मिळाली पण ट्रस्ट जमिनीवर ती चालेना, त्यासाठी नेटिव्ह अमेरिकन डायरेक्ट लोन, म्हणजे सरकारने स्वतःच दिलेलं घरकर्ज, आलं थेट १९९२ मध्ये! ज्यांच्या भाषेतला गुप्त कोड दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये जपान्यांना शेवटपर्यंत फुटला नाही, त्यांना जवळपास ५० वर्षं थांबवलं, हे वाचून खरंच वाईट वाटतं.

आणि कर्ज मिळालं तरी आधी होमसाइट लीज, म्हणजे घराच्या जागेचा भाडेपट्टा हवा, त्यासाठी जमिनीचा सर्व्हे, पुरातत्त्व तपासणी, चराईचा हक्क असलेल्या शेजाऱ्याची संमती. मग लाइट, पाणी. आजही कित्येक घरांत नळ नाही, पिकअपमध्ये प्लास्टिकचे पिंप टाकून मैलोन् मैल लांबून पाणी आणतात, गुडघे गेलेल्या सत्तरीच्या माणसाने ते पिंप उतरवायचे कसे?

कोविडनंतरच्या फेडरल मदतीतून नवाहो नेशनला २ अब्ज डॉलरच्या वर मिळाले, पण ते खर्चायला ३१ डिसेंबर २०२६ ची मुदत घातली, आणि लीजच्या फाइली काही त्या तारखेकडे बघून हलत नाहीत. त्यामुळे नुसता निधी वाढवा म्हणण्यापेक्षा लीज आणि सर्व्हेसाठी माणसं नेमायला पैसे द्या, असं मला मनापासून वाटतं.