एरोजेल गोव्यात कशाला?
एरोजेल म्हणजे ओल्या जेलमधलं द्रव काढून त्या जागी हवा ठेवलेला, उष्णता अडवणारा हलका पदार्थ. तो थंड देशांच्याच कामाचा असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. आमच्या म्हापशाच्या घराचा स्लॅब मे महिन्यात रात्री ११ला पण तापलेला असतो, एसी बंदच करता येत नाही. एरोजेलची भोकं इतकी बारीक की आतली हवा हलतच नाही, त्यामुळे उष्णता स्थिर हवेपेक्षाही कमी जाते. खरी अडचण वाळवण्याची, ओलं जेल नुसतं वाळवलं की आक्रसून तडकतं, म्हणून द्रव काढायला ७४ बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट) वर दाब देऊन कार्बन डायऑक्साइड वापरतात आणि खर्च तिथेच वाढतो. एरोजेल बहुतेक वेळा ज्यापासून बनवतात ती सिलिका (वाळूतला मुख्य घटक) मात्र भाताच्या तुसाच्या राखेतूनही काढता येते, आणि तूस आपल्याकडे आहेच की! फक्त पाणी न धरणारा प्रकारच घ्या, आपल्या पावसात साधा टिकायचा नाही.