अनुभव धागा: जुना ऑर्गनायझर सारखा बंद पडतोय? सोलापूरकरांनो, तुमचं यंत्र कसं सावरलंत ते सांगा

धागाकर्ती, जुळे सोलापूर

स्मार्टफोन घरोघरी पोचण्याआधी आपल्याकडच्या कितीतरी व्यापाऱ्यांच्या, विमा एजंटांच्या, डॉक्टरांच्या खिशात डिजिटल डायरी नाहीतर पाम, म्हणजे पाम कंपनीचा खिशातला छोटा कॉम्प्युटर, असायचा. त्यातले काही अजून कपाटांत आहेत आणि थोडे रोजच्या वापरातही आहेत. हा धागा त्यांच्यासाठी.

आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, पाम एम-१०५ दिवाळीपर्यंत उत्तम चालत होता. आता पत्त्यांची यादी उघडली की 'फेटल एक्सेप्शन'ची, म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्याची, चौकट येते. रीसेट केलं की लोगो दिसतो आणि पुन्हा तीच चौकट. आत त्यांच्या टॉवेलच्या धंद्याच्या नोंदी आहेत: कुठल्या गावच्या दुकानदाराला कोणता रंग खपतो, कोण उधारी वेळेवर देतो. मराठी नावं रोमन अक्षरांत, ग्राफिटी या पामच्या खास अक्षरलेखनाच्या वळणाने, त्यांनी स्वतः एकेक करून लिहिलेली. मला यंत्रापेक्षा त्या नोंदी हव्या आहेत.

लिहिताना कोणता रीसेट केलात ते नक्की सांगा. पामच्या पाठीवरच्या भोकात पिन टोचली की साधा रीसेट; माहिती राहते. वरचं स्क्रोल बटण दाबून धरून पिन टोचली की वॉर्म रीसेट. तेव्हा बाहेरून टाकलेले जोड-प्रोग्रॅम सुरू होत नाहीत. पॉवरचं बटण धरून टोचली की हार्ड रीसेट, आणि त्यात सगळं पुसलं जातं.

सूत व्यापारी, साखर पेठ

ताई, आधी सेल बगा. माझा पाम थ्री-एक्स आहे, १९९९ सालचा. टेबलावर जरा जोरात ठेवला की बंद, परत चालू केला की कधी लोगोवर अडकायचा. सगळे म्हणाले मशीन गेलं. मशीन कुठलं जातंय, सेलच्या स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा गंज बसलेला. अल्कलाईन सेल गळला की असा थर धरतो. कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून तो काढला, मग आयपीए लिक्विडनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसलं, वाळू दिलं, स्प्रिंग जरा वर ओढली. तेव्हापासून तक्रार नाही की ओ.

दुसरं, चार्जिंगचे सेल टाकत असाल तर ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. यंत्र साध्या सेलच्या हिशोबानं मोजतं, म्हणून भरलेले असले तरी बॅटरी कमी दाखवतं. आणि सेल बदलायचे ते मिनिटाच्या आत. आतली राखीव वीज तेवढाच वेळ मेमरी धरते. नवे सेल हातात घेऊनच झाकण उघडा. फोन वाजला तर वाजू द्या.

डॉक्टर, रेल्वे लाइन्स

माझा टंगस्टन-ई, पामचंच पुढचं मॉडेल. त्यात औषधांच्या मात्रा काढायचा एक छोटा प्रोग्रॅम होता आणि तो ओपीडीच्या गर्दीतच नेमका यंत्र पाडायचा. पाम ओएस, म्हणजे पामची कार्यप्रणाली, तिच्या ५ व्या आवृत्तीपासून प्रोसेसर बदलला, एआरएम आला. आधीच्या ड्रॅगनबॉल प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम आत एक नक्कल-व्यवस्था चालवते. नियमाने लिहिलेले नीट चालतात, पण जे थेट हार्डवेअरला हात घालायचे ते कोसळतात. माझ्या जुन्या यंत्रातलं सगळं सिंकमधून नव्यात उतरलं होतं, त्यात हे असले प्रोग्रॅमही आले. ते काढल्यावर यंत्र शांत झालं. मी तो हिशोब पुन्हा कागदावर करायला लागलो आणि रुग्णाच्या दृष्टीने तेच बरं वाटतं: मध्येच बंद पडणाऱ्या यंत्रावर मात्रा सोपवू नये.

कार्डाबद्दलही सांगतो. आजच्या बाजारात मिळणारी मोठी एसडीएचसी कार्डं ही यंत्रं वाचत नाहीत. १ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्ड शोधा. जुनं कार्ड आत असताना यंत्र अडकत असेल तर कार्ड बाहेर काढून दिवसभर वापरून पाहा, दोष कुणाचा ते कळेल.

इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती, अक्कलकोट रोड एमआयडीसी

सगळ्यात जास्त वेळा जे पाहिलंय ते नीट लिहितो, कारण याच ठिकाणी लोक हताश होऊन यंत्र भंगारात देतात.

हार्ड रीसेट करतात, यंत्र चकाचक चालतं. मग कॉम्प्युटरला लावून हॉटसिंक, म्हणजे दोन्हीकडच्या माहितीची जुळवणी, करतात आणि तासाभरात पुन्हा तोच क्रॅश. निष्कर्ष काढतात, हार्डवेअर गेलं. पण हॉटसिंकने कॉम्प्युटरवरच्या बॅकअप फोल्डरमधून सगळे जुने प्रोग्रॅम, सेटिंग्ज, सगळं परत आत भरलेलं असतं. त्यातच तो बिघडलेला तुकडा असतो. बऱ्याचदा 'सेव्ह्ड प्रेफरन्सेस' ही सेटिंगांची फाइलच खराब असते.

म्हणून क्रम असा. आधी कॉम्प्युटरवरचं वापरकर्त्याच्या नावाचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. मग त्यातल्या बॅकअप फोल्डरचं नाव बदला. मग हार्ड रीसेट, मग हॉटसिंक. पत्ते, तारखा, कामांची यादी आणि मेमो या चार गोष्टी स्वतःच्या वेगळ्या फोल्डरांत असतात, त्या परत येतात. यंत्र असंच काही दिवस वापरा. स्थिर राहिलं तर प्रोग्रॅम एकदम न टाकता निम्मे टाका. क्रॅश आला तर दोषी त्या निम्म्यात. त्याचे पुन्हा दोन भाग करा. यंत्रमागावर धागा कुठे तुटलाय ते शोधताना कारागीर जसा सगळा ताणा उसवत नाही, तसंच.

ताई, तुमच्या दादांचं यंत्र दिवाळीपर्यंत ठीक होतं म्हणता. दिवाळीत त्यात नवं काय आलं? आणि काहीही होवो, आधी वॉर्म रीसेट करून बघा. हार्ड रीसेट आत्ता नको.

निवृत्त विमा एजंट, विजापूर रोड

माझी कॅसिओची डिजिटल डायरी. तिला पामसारखे तीन-तीन रीसेट नाहीत. पडद्यावर अक्षरांच्या जागी रेघा यायला लागल्या तेव्हा मी कुठलंही बटण दाबलं नाही. नोंदी एकेक उघडत गेलो, सौ. वहीत उतरवत गेली. सगळे नंबर सहा आकडी, पुढे २ लागण्याच्या आधीचे. त्यातले बरेच आता कुणाचेच नाहीत, पण नावं आमच्या आयुष्यातली आहेत, म्हणून एकही सोडलं नाही.

वही पूर्ण झाल्यावर सेल बदलले. मुख्य सेल वेगळे आणि मेमरी सांभाळणारा बॅकअप सेल वेगळा असतो. दोन्ही एकाच वेळी काढले की सगळं जातं. एक बदलायचा, झाकण लावायचं, डायरी चालू करून बघायची, मग दुसरा. सीआर२०३२ हा बटणासारखा सेल घेताना पाकिटावरची तारीख वाचून घ्या. सेल बदलल्यावर रेघा गेल्या.

यंत्रमाग कारखाना, अशोक चौक

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या यंत्राचा पडदा काळा पडला तर घाबरू नका आणि फ्रीजमध्येही ठेवू नका, आत पाणी धरतं. सावलीत आपोआप थंड होऊ द्या. पडदा परत येतो.

धागाकर्ती, जुळे सोलापूर

वॉर्म रीसेटने उघडला! पत्त्यांची यादीसुद्धा उघडली.

दिवाळीत काय नवं आलं ते घरात विचारलं. दादांना बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून भाच्याने यादी मोठ्या अक्षरांत दाखवणारा एक हॅक, म्हणजे यंत्राचं वागणं बदलणारा छोटा जोड-प्रोग्रॅम, त्यात घातला होता. प्रेमानेच केलं त्याने. साध्या रीसेटनंतर तो हॅक आपोआप चालू व्हायचा, म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा तीच चौकट.

आमच्याकडे सिंकची केबल नाही. तेव्हा साखर पेठेतले अण्णा स्वतःचा थ्री-एक्स घेऊन घरी आले. दोन्ही यंत्रं समोरासमोर ठेवली आणि पत्त्यांचा एकेक गट मेनूतून इन्फ्रारेडने पाठवला. सगळी गावं पलीकडे गेली. त्यानंतरच हॅक काढला. हार्ड रीसेटची गरजच पडली नाही. अण्णा, दादा दिवसभर तुमचंच नाव काढत होते.

केबल मिळाली तर आजच्या कॉम्प्युटरला जोडता येईल का?

इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती, अक्कलकोट रोड एमआयडीसी

येईल. एम-१०५ सीरियल केबलवर चालतो, म्हणून यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लागेल. लिनक्सवर जे-पायलट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो पायलट-लिंकच्या आधाराने सिंक करतो आणि पत्ते साध्या फाइलमध्ये काढून देतो. ६४-बिट विंडोजवर पामचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर चालत नाही, म्हणून टंगस्टनवाल्यांनीही लिनक्सचाच विचार करावा.

यंत्रमाग कारखाना, अशोक चौक

एक विचारायचं राहिलं. आमचा पाम हँग होत नाही, पण बंद केला तरी आपोआप चालू होतो, स्टायलस (पडद्यावर लिहायची काडी) एकीकडे आणि टिंब दुसरीकडे उमटतं, सेल दोन दिवसांत संपतात.

इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती, अक्कलकोट रोड एमआयडीसी

कारखान्यात वापरता म्हणजे पडद्याच्या कडेखाली सुताची तूस अडकली असणार. यंत्राला वाटतं कुणीतरी तिथे सतत स्टायलस टेकवलंय. पातळ व्हिजिटिंग कार्डाची कड पडद्याच्या चारही बाजूंनी चौकटीखालून हलकेच फिरवा, टोकदार काही वापरू नका. तूस बाहेर आली की प्रेफरन्सेसमध्ये जाऊन डिजिटायझर, म्हणजे पडद्यावरचा स्पर्श ओळखणारा थर, पुन्हा जुळवा. तरीही टिंब सरकलं तर यंत्र माझ्याकडे घेऊन या, उघडून बघू.