घरी द्राक्षाची काडी लावलीय? अनुभव सांगा

ऑक्टोबरात गोडी छाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) सुरू झाली की नाशिक-सांगलीकडे बांधावर काड्यांचे ढीग लागतात. त्यातली काडी कुंडीत रुजते हे खरं, पण कुणाची रुजते आणि कुणाची कुजते. ज्यांनी लावली त्यांनी बारकाव्यांसकट लिहा.

निफाडकर
सगळं काडीच्या निवडीत आहे. पेन्सिलीएवढी जाड, पक्की तपकिरी, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे फुटवा येतो ती गाठ) घ्या. हिरवी लुसलुशीत काडी सडते. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि आडवा, वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर आणि तिरपा. मुळ्या डोळ्यापाशीच जास्त फुटतात. शिवाय दोन टोकांचे काप वेगळे असले की काडी उलटी लागत नाही. दोन डोळे मातीत, बाकी वर. आमच्याकडे थॉमसन आणि शरद या दोन्ही जाती अशा लागल्या.

गच्चीवाली, पुणे
पानं फुटली म्हणजे वेल लागला असं अजिबात धरू नका! काडीत साठलेल्या अन्नावरच डोळा फुटतो, खाली मुळीचा पत्ता नसतो. तेवढ्यात कुंडी उन्हात सरकवली की पानं माना टाकतात. मी पाण्याची पारदर्शक बाटली कापून तळाला भोकं पाडते, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मी वाळू भरते आणि बाहेरून काळं कापड गुंडाळते. कापड सोडून बघितलं की आधी कापाच्या कडेला पांढरट खडबडीत गाठ दिसते, मग काही दिवसांनी तिच्या आसपास पांढरी मुळी. ती बाटलीच्या कडेला टेकेपर्यंत वेल सावलीतच. काडी उपटून मुळी बघायचा मोह आवरा, कोवळी मुळी लगेच तुटते.

तासगावहून
ताई, बाटलीची युक्ती फार आवडली. एक भर घालतो. बागेत आम्ही डॉगरिज या जातीचा खुंट (मुळासकट खालचा भाग) लावून त्यावर हव्या त्या द्राक्षाची काडी पाचरीसारखी तासून बसवतो, म्हणजे पाचर कलम करतो, कारण पाणी खारं आणि जमीन चुनखडीची. घरी बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर स्वतःच्या मुळावरचा वेल पुढे पानांच्या कडा करपवतो. अशांनी रोपवाटिकेतून खुंटाचं रोप आणावं. डॉगरिजची नुसती काडी सहज मुळी धरत नाही, तिला मुळ्या फुटण्याचं संजीवक लागतंच.

चिपळूण
रुजायचं काम इथे सोपं आहे, टिकवायचं अवघड. पावसाळ्यात पानावर तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी बुरशी, म्हणजे केवडा. कुंडी पागोळीच्या आत, वारा खेळेल अशा जागी ठेवल्यावरच वेल वाचला.

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
थॉमसन हे नाव कॅलिफोर्नियातल्याच एका बागायतदाराचं, त्यामुळे हा धागा वाचून आनंद झाला. इथे हिवाळ्यात वेल झोपतो, पानं गळतात. छाटणीची काडी तेव्हाच घ्यायची, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून वसंतापर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची. सफरचंद-केळ्यांपासून दूर ठेवा, पिकणाऱ्या फळांचा वायू डोळ्यांना मारक ठरतो.

गच्चीवाली, पुणे
निफाडकर दादा, माझ्या वेलाला पहिल्याच वर्षी एक छोटा घड धरलाय. ठेवू का?

निफाडकर
खुडा ताई, जिवावर येईल तरी खुडा. या वर्षी सगळा जोर खोडात जाऊ द्या. एकच सरळ फुटवा काठीला बांधून वर चढवा, बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) काढत राहा. एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्या येण्यासाठीची छाटणी) घ्या. त्या छाटणीनंतर आलेली काडी नीट पिकली, म्हणजे पक्की तपकिरी झाली की पुढच्या ऑक्टोबरात तिच्यावरच घड घ्यायचे.